उल्हासचे मासे कोण मोजतो?

कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड स्थानक सोडून आंबिवलीच्या दिशेने निघाली की चाकांचा आवाज एकाएकी पोकळ होतो. तो उल्हास नदीचा पूल. दारात उभे असलेले प्रवासी क्षणभर खाली पाहतात, एखादा हात जोडून पाण्यात नाणे टाकतो आणि गाडी पुढे निघून जाते. आम्हीही या पुलावरून वर्षानुवर्षे गेलो आहोत. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मात्र एक प्रश्न आमच्या मनात असा रुतून बसला, की काही केल्या निघेना. या पाण्यात आज मासे आहेत तरी किती?

प्रश्न साधा वाटला, म्हणून आम्ही तो एका सरकारी कचेरीत नेला. टेबलापलीकडील सद्गृहस्थांनी आम्हास आदराने बसवून घेतले, चहा मागवला आणि विचारले, “मासे म्हणजे उत्पादनच ना? जिल्ह्याचे मिळेल, टनांत.” आम्ही म्हणालो, “जिल्ह्याचे नको, या नदीचे हवे. आणि बाजारात गेलेले नकोत, पाण्यात उरलेले हवेत.” त्यावर त्यांनी आमच्याकडे असे पाहिले, की आम्ही आकाशातील ताऱ्यांची यादीच मागत आहोत. दुसऱ्या एका कचेरीत पाण्याच्या गुणवत्तेचे तक्ते मिळाले. त्यात प्राणवायू होता, आम्ल होते, जंतूही होते. मासा तेवढा नव्हता.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. उल्हास ही काही न मोजलेली नदी नव्हे. राजमाचीच्या डोंगरातून उतरून, कर्जत, नेरळ, बदलापूर, रायते अशी गावे ओलांडीत ती शहाडला येते. भिवपुरीच्या वीजगृहातून १९२२ सालापासून सुटणारे पाणी तिला मिळते आणि म्हणून ती ऐन वैशाखातही वाहते. बदलापूर, जांभूळ, शहाड, मोहने येथे बसविलेले पंप तिचे पाणी उचलतात आणि त्यावर लाखो माणसे जगतात. शहाड-टेमघर या पाणीयोजनेच्या तर नावातच आपले शहाड आहे. या उचललेल्या पाण्याचा लिटरागणिक हिशेब असतो, कारण त्याचे बिल आकारावयाचे असते. पावसाळ्यात तिची पातळी तासातासाला मोजतात, कारण ती आपल्या घरात शिरू शकते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस याच नदीच्या पुरात अडकली, तेव्हा साऱ्या देशाने तिची पातळी पाहिली. मोहन्याच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगास प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नमुने घेण्याचे ठिकाण आहे. थोडक्यात सांगावयाचे तर, नदी आपल्याला काय देते आणि आपले काय बिघडवू शकते, ते आपण मोजतो. जे तिच्यात राहतात त्यांची मात्र शिरगणती नाही.

या नदीवरून ज्या शहराला नाव मिळाले त्याची गोष्ट येथे आठवते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. घरदार, शेतीवाडी, सिंधू नदी, सारे मागे टाकून आलेल्या या लोकांनी आपला झुलेलाल तेवढा बरोबर आणला. झुलेलालचे वाहन म्हणजे पल्लो मासा, समुद्रातून नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढणारा. ज्या नगराचे दैवत माशावर बसून येते आणि ज्याचे नाव नदीचे आहे, त्याच्या अंगणातील वालधुनी आज कोणत्या रंगाने वाहते हे आम्ही सांगावयाची गरज नाही.

आता कोणी म्हणेल, पाणी तपासले म्हणजे झाले. मासे वेगळे मोजून काय साधणार? या आक्षेपाला सरकारच्याच कागदाने उत्तर दिले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांच्या पाण्याचे उपयोगानुसार पाच वर्ग पाडले आहेत. त्यातील ‘ड’ वर्ग वन्यजीव आणि मत्स्यजीवनासाठी राखलेला आहे: लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू, साडेसहा ते साडेआठ सामू, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमहून अधिक नको. म्हणजे मासा जगावा ही कसोटी शासनाने स्वतःच लिहून ठेवली आहे. मग कसोटी लावावयाची आणि ज्याच्यासाठी ती लावली तो जगला की नाही हे पाहावयाचेच नाही, हा कोणता न्याय? रुग्णाचा ताप पाहून कागदावर टिपावा आणि रुग्ण खाटेवर आहे की नाही हे पाहूच नये, तसा हा प्रकार आहे.

शिवाय बाटलीतील नमुना एका क्षणाचे पाणी सांगतो. नमुना घेणारा माणूस दिवसाउजेडी येतो आणि ठरलेल्या दिवशी येतो. रसायनांचा टँकर अपरात्री येतो आणि तो कोणालाही विचारून येत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस वालधुनीत अशीच रसायने ओतली गेली. विषारी वायूने उल्हासनगरातील शेकडो माणसे रुग्णालयात न्यावी लागली, तेव्हा कोठे ती गोष्ट उजेडात आली. माणसांच्या छातीत धूर गेला नसता तर? पाणी वाहून गेले असते आणि पुढच्या नमुन्यात त्याचा मागमूसही उरला नसता. मासा मात्र रात्रंदिवस त्या पाण्यातच असतो. तो श्वास घेतो तो त्याच पाण्यातून. महिन्याभरात काय काय वाहून गेले याची साक्ष बाटली देऊ शकत नाही. कोणत्या जातीचे मासे राहिले, कोणते गेले, पिल्ले दिसतात की केवळ म्हातारे मासे उरले, यावरून ती मिळते.

याहून गंभीर मुद्दा पुढेच आहे. नदीत मासे मरून तरंगू लागले की वर्तमानपत्रात छायाचित्र येते, पंचनामा होतो, चार दिवस चर्चा होते. मग नुकसान किती झाले, असा प्रश्न निघतो आणि तेथे सर्वांची वाचा बसते. कारण मरण्यापूर्वी मासे किती होते हे कोणालाच ठाऊक नसते. ज्यांनी विष सोडले त्यांचा वकील खुशाल म्हणू शकतो, “येथे मासे होतेच कुठे?” आणि त्याला खोडून काढणारी एक ओळ कोणाच्या दप्तरात सापडत नाही. आमच्या वाचकांना धर्मग्रामाच्या नोंदवह्या परिचित आहेत. बाप्तिस्म्याची नोंद एका वहीत, दफनाची दुसऱ्या वहीत. पहिली वही नसेल तर दुसरीला अर्थ राहत नाही; ज्याचे जगणे कोठेच लिहिलेले नाही त्याच्या मरणाबद्दल दाद कोणाकडे मागावयाची? उल्हासच्या माशांची पहिली वहीच नाही. २०१५ साली ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल कोट्यवधी रुपये भरण्याचा आदेश दिला, ही मोठी गोष्ट झाली. परंतु पैसे भरले किंवा न भरले तरी नदी सुधारली की नाही हे ठरविणार कोण? आमच्या मते, हे माशांनीच ठरवावयाचे आहे आणि त्यांचे म्हणणे लिहून घेणारा एक माणूस तेथे असला पाहिजे.

असा माणूस म्हणजे काही स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेत कोलंबिया नदीवर बॉनव्हिल येथे १९३८ साली धरण झाले. माशांना वर चढता यावे म्हणून तेथे पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधली आणि त्या वाटेशी माणसे बसवून वर जाणारा मासा न् मासा मोजण्यास त्याच वर्षी आरंभ झाला. ती मोजणी आजतागायत चालू आहे. लहान नद्यांत हे काम वेगळ्या रीतीने होते. मत्स्यतंत्रज्ञ ठरलेल्या डोहात ठरलेल्या मापाचे जाळे ठरलेला वेळ लावतो. आलेला मासा ओल्या हाताने उचलून पट्टीवर ठेवतो, लांबी घेतो, वजन करतो, जात लिहितो, परावर एक बारीक खूण करतो आणि त्याला परत पाण्यात सोडतो. उद्या समजा शंभर मासे असे खूण करून सोडले आणि आठवड्याने त्याच डोहात पन्नास पकडले असता त्यात पाचांवर खूण दिसली, तर खुणेचे मासे दहात एक ठरले. म्हणजे डोहात सुमारे हजार मासे असावेत. पीटरसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिलेली ही पद्धत आहे. तिला महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो एकाच जागी, त्याच जाळ्याने, पुन्हा पुन्हा येणारा प्रामाणिक माणूस. जाळे रिकामे आले तर वहीत शून्य लिहिण्याचे धैर्य त्याच्यापाशी हवे. बाजारात शून्याला भाव नसतो. या वहीत तोच सर्वांत मोलाचा आकडा ठरू शकतो.

मोजण्याची ही खोड कोळ्यांची फार जुनी आहे. तिबिर्याच्या किनाऱ्यावर पेत्राने ओढून आणलेल्या जाळ्यात १५३ मोठे मासे होते, असे योहान आपल्या शुभवर्तमानात नोंदवितो. ‘पुष्कळ’ म्हणून त्याला भागविता आले असते. तेवढ्या धामधुमीतही कोणीतरी बसून मासे मोजले होते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आमच्या तोंडावर अनेकांनी फेकला: “नदीत मासे आहेत की! बंधाऱ्यावर रोज माणसे पकडतात.” हो, आहेत. प्रश्न असा की कोणते? रायत्याच्या पुलाखाली पाग घेऊन बसलेल्या एका वृद्ध कातकरी गृहस्थाशी आम्ही बोललो. त्यांनी बोटे मोडीत नावे सांगितली: शिवडा, खवली, कोळस, शिंगाळा, अहीर, मरळ. मग म्हणाले, “शिवडा आता जाल्यान येत नाय. चिलापी येतं, नुसती चिलापी.” चिलापी म्हणजे तिलापिया, १९५२ साली आपल्या देशात आणलेला परदेशी मासा. घाण पाण्यात तो तग धरतो. मरळ आणि मांगूर पाण्याबाहेर तोंड काढून हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. आफ्रिकन मांगुराच्या पैदाशीवर तर २००० साली केंद्र सरकारने बंदी घातली, तरी तो आपल्या बाजारातून आणि पाण्यातून गेलेला नाही. तेव्हा “मासे आहेत” हे वाक्य काहीच सिद्ध करीत नाही. जेथे स्वच्छ पाण्याचे मासे गेले आणि श्वास कोंडला तरी जगणारेच उरले, तेथे जाळे भरलेले असूनही नदी आजारी असते. हे कळण्यासाठी जात लिहावी लागते, वजनाचे टन लिहून भागत नाही. त्या वृद्ध गृहस्थांची साक्ष आम्हास खरी वाटली. परंतु ती त्यांच्या बोटांवर आहे, कोणत्याही वहीत नाही आणि त्यांच्याबरोबरच जाणार आहे.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. ते म्हणतात, महाविद्यालयांतील संशोधक हे काम करतातच. करतात आणि त्यांचे ऋण आम्ही मानतो. पुण्याच्या मुळा-मुठेचेच उदाहरण घ्या. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन करताना १८३९ साली तेथील ‘खुद्री’ महसीर शास्त्राच्या दप्तरात आणला. पुढे १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली. २००३ साली वाघ आणि घाटे यांनी त्याच नद्यांची पुन्हा नोंद केली. या याद्या आहेत म्हणून पुणेकरांना आपण काय गमावले हे निदान नावानिशी सांगता येते. परंतु दोन याद्यांमधले अंतर पाहा! माणसाची एक पिढी उलटते तेव्हा पुढचा संशोधक येतो. शोधप्रबंध पुरा झाला, अनुदान संपले, विद्यार्थी नोकरीला लागला, की नदी पुन्हा अंधारात. नदीवरच्या कामाला पगाराचे, कायमचे, निवृत्तीपर्यंतचे पद लागते, जसे पोस्टमनचे असते. पत्रे आली नाहीत म्हणून कोणी पोस्टमनचे पद रद्द करीत नाही.

तिसरा आक्षेप पैशांचा. यावर आम्ही लंडनच्या टेम्स नदीकडे बोट दाखवितो. १९५७ च्या सुमारास शहरातून वाहणाऱ्या त्या नदीला शास्त्रज्ञांनी मृत ठरविले होते. अहीर सोडल्यास तेथे मासा टिकत नव्हता. पुढे सांडपाण्याची व्यवस्था सुधारली. सुधारणेचा पुरावा कसा मिळाला, तर नदीकाठच्या वीजकेंद्रांत थंड पाणी ओढून घेणाऱ्या नळांच्या तोंडाशी ज्या जाळ्या असतात, त्यांवर अडकलेले मासे तेथील कामगारांनी बाजूला ठेवले आणि ब्रिटिश म्युझियमच्या ॲल्विन व्हीलर यांनी ते वर्षानुवर्षे ओळखून मोजले. १९७४ च्या नोव्हेंबरात वेस्ट थरॉकच्या वीजकेंद्रातील अशाच जाळीवर एक सामन मासा सापडला आणि शंभराहून अधिक वर्षांनी तो त्या नदीत परतल्याचे जगाला कळले. त्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधावी लागली नाही. जाळी होतीच, तीवरचा कचरा फेकण्यापूर्वी कोणीतरी नीट पाहिला एवढेच.

आता शहाडला परत या. नदीचे पाणी उचलणाऱ्या विहिरींच्या तोंडाशी जाळ्या असतात आणि त्या साफ करणारा कामगारही असतो. पाला, प्लॅस्टिक आणि जलपर्णी यांच्याबरोबर तीवर मासेही येतात. ते आज कचऱ्यात जातात. त्या कामगाराच्या हाती एक वही, एक मोजपट्टी आणि माशांच्या चित्रांचा एक तक्ता द्यावयास किती कोटी लागतात, ते आम्हास कोणी सांगावे. जिल्ह्यातून हाकेच्या अंतरावर, मुंबईत वर्सोव्याला, केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था १९६१ सालापासून उभी आहे. शिकविणारे आहेत, शिकणारे आहेत; मध्ये फक्त इच्छेची जागा रिकामी आहे.

हे काम कोणाला द्यावे याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. पहिला पाऊस पडला, ओहोळ भरले, की पोटात अंडी घेऊन मासे उलट्या प्रवाहाने शेतांकडे चढतात. ठाणे-रायगडात त्याला वलगण म्हणतात. वलगण कोणत्या रात्री लागेल, कोणत्या बांधावरून मासा चढेल, हे कातकरी आणि कोळी घरातील पोराला पुस्तकाविना कळते. हे ज्ञान आपण आजवर मजुरीच्या भावाने वापरले. प्रकल्प येतो तेव्हा संशोधकाची जाळी तोच ओढतो. अहवालात त्याचे नाव नसते. त्याला वर्षभराचे प्रशिक्षण द्या, पदनाम द्या, पगार द्या, भविष्यनिर्वाह निधी द्या. कंत्राटावर, सहा महिन्यांच्या हंगामापुरता नेमू नका; कंत्राटाने नेमलेला माणूस शून्य लिहिण्यास कचरतो, कारण त्या शून्याने त्याचेच कंत्राट जाऊ शकते.

आमची मागणी एवढीच आहे. बदलापूर, जांभूळ, शहाड, मोहने या चारही ठिकाणी जाळीवर आलेल्या माशांची रोजची वही ठेवावी. रायते ते मोहने या पट्ट्यात चार डोह ठरवून महिन्यातून एकदा एकाच मापाच्या जाळ्याने मोजणी व्हावी. मासा जिवंत परत सोडावा. वलगणीच्या दिवसांत किती मासा चढला आणि बंधाऱ्यापाशी किती अडला याची वेगळी नोंद व्हावी. आणि ही वही कपाटात न जाता दर महिन्यास पालिकेच्या व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी लागते तशी. देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची केंद्रीय मंडळाने २०२२ साली जी यादी केली तीत ३११ पट्टे होते, त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रातले. यादीत नाव येण्यात आपण आघाडीवर आहोत. यादीतून नाव खरोखर कमी झाले की कागदावरच कमी झाले, हे पडताळण्याचे साधन आपल्या हाती नको काय?

वसईचे आमचे वाचक म्हणतील, शहाडच्या नदीशी आपला काय संबंध? वाचकहो, संबंध पाण्याचा आहे. शहाडखाली सुटलेले पाणी कल्याणच्या खाडीत उतरते, ठाण्याला वळसा घालून घोडबंदरपाशी येते आणि पाणजू बेटाला दोन्ही अंगांनी वेढून आपल्याच वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. शहाडला जे पाण्यात पडते ते आपल्या दाराशी येऊन थांबते. समुद्रातून वर चढणारी अहिराची पिल्ले जातात तीही आपल्याच खाडीतून. विहिरी आणि झाडे यांच्यासाठी आपण हरित वसईच्या झेंड्याखाली रस्त्यावर उतरलो होतो, हे विसरण्याइतके आपण म्हातारे झालेलो नाही. त्या लढ्यात पाणी कोठून जाते हे आपण विचारले. आता पाणी कोठून येते हेही विचारले पाहिजे.

आम्ही स्वतः एक वही घेतली आहे. शंभर पानांची, साधी, वाण्याच्या दुकानातील. रायत्याच्या त्या वृद्ध गृहस्थांनी सांगितलेली सहा नावे तिच्या पहिल्या पानावर आहेत. प्रत्येकापुढे, ते शेवटचे कधी पाहिले, हेही त्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहिले आहे. शिवड्यापुढे त्यांनी धाकट्या मुलीच्या लग्नाचे वर्ष सांगितले. शास्त्राच्या तराजूत या पानाचे वजन फार नाही, हे आम्ही जाणतो. येत्या वलगणीपूर्वी ते एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याने आमच्या हातून मागून घ्यावे आणि पुढची पाने शिकलेल्या, पगारी, कायम माणसाकडून भरून घ्यावीत. तोवर ती वही आमच्याकडेच राहील आणि ज्या वाचकांना खाडीत, ओहोळात, बंधाऱ्यावर काही दिसेल, त्यांनी जात, जागा आणि तारीख कळवावी. काहीच दिसले नाही तर तेही कळवावे.